चिठ्ठीत आलेली बाजू

लाखनीहून धरणग्रस्तांच्या त्या नव्या गावठाणातल्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा मला माझ्या इंग्रजी शिकवण्याचा भारी गर्व होता. तो पहिल्याच तासाला उतरला. नववीच्या वर्गाला मी साधं विचारलं, जेवायला काय आवडतं ते इंग्रजीत सांगा. तीसच्या तीस मुलं मूग गिळून बसली. धडा खडाखडा वाचायची, उत्तरं पाठ करून लिहायची, पण बोला म्हटलं की माना खाली. माझा स्वभाव तापट. आठवडाभर ओरडले. मग कळलं की यात फक्त माझाच घसा बसतोय.

एक दिवस बाकं भिंतीला लावली आणि मुलांना जमिनीवर गोल करून बसवलं. आधी शेजारच्याशी दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं, मग सगळ्यांसमोर. कोणी चुकलं तरी मधे टोकायचं नाही, मीसुद्धा नाही. हे मलाच सगळ्यात जड गेलं. मी पेन घट्ट धरून चुका वहीत टिपत बसायची. विषय घरचेच असायचे. मोबाइल घरात कोणाच्या हातात असतो, धानाच्या रोवणीच्या दिवसांत शाळेला सुट्टी असावी का. रोवणीवरून तर असा कल्ला झाला की शेजारच्या वर्गातले सर काय झालं म्हणून बघायला आले.

त्या गोलात एक मुलगी दोन महिने काही बोलली नाही. तिचे वडील मासेमारी करायचे. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ती पहिलीत होती. एकदा विषय होता वडिलांचं काम. ती एकदम उभी राहिली आणि म्हणाली, "माय फादर थ्रो नेट ऑन अवर हाउस. हाउस इज डाउन. ही कॅन शो व्हेअर इज डोअर." म्हणजे बाबा आमच्याच घरावर जाळं टाकतात, घर खाली आहे, दार कुठं होतं ते त्यांना डोंग्यात, त्यांच्या छोट्या होडीत बसून दाखवता येतं. वर्गात कोणी हसलं नाही. मी वहीत काही टिपलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत शिक्षिका झाल्याचं इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर ती बोलतच सुटली. अडली की हातवारे करायची, शब्द सापडला की स्वतःच हसायची. दिवाळीनंतर मी चिठ्ठ्या सुरू केल्या. विषयाच्या दोन बाजू, चिठ्ठीत जी येईल ती मांडायची. मनातलंच बोलत राहिलं की मुलं त्याच दहा वाक्यांत फिरतात, उलट बाजू घेतली की शब्द शोधावे लागतात. ही पद्धत चुकीची आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमासाठी मी विषय ठेवला, धरणामुळे आपलं भलं झालं का? आणि तिच्या चिठ्ठीत आलं, हो, झालं.

ती माझ्याकडे आली. "मॅडम, मले हे बाजू नको."

"चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी," मी म्हणाले. "उद्या मुलाखतीला जाशील तेव्हा काय आवडीचे प्रश्न मागशील?"

का नको, हे मी विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं. खरं सांगायचं तर पवनीहून साहेब लोक येणार होते आणि माझ्या वर्गात तिच्याइतकं सफाईनं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. मला मिरवायचं होतं.

ती चार मिनिटं न अडखळता इंग्रजीत बोलली. शेतीला पाणी, दुसरं पीक, नव्या गावाचे सरळ रस्ते. जुनी घरं मातीची आणि अंधारी होती, ती गेली ते बरंच झालं, असंही बोलली. हे शेवटचं वाक्य तिचं नव्हतं, मी लिहून दिलं होतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मागं, धुतलेला शर्ट घालून तिचे वडील उभे होते. तेही टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळ आले. ती माझ्या शेजारीच होती.

"काय बोलली जी मॅडम, माही पोरगी?"

मी म्हणाले, "तुमच्या जुन्या गावाबद्दल बोलली."

त्यांचे डोळे भरून आले. "लय चांगलं झालं जी. गाव उठलं तवा आमाले साहेबापुढं दोन शब्द बोलता नाही आले. माह्या पोरीनं इंग्रजीत सांगतलं." त्यांनी मला हात जोडले. मुलगी स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

सोमवारी गोलात तिची पाळी आली. बोलायचं नसेल तर 'पास' म्हणायची मुभा होती. ती 'पास' म्हणाली. मंगळवारीही म्हणाली. पुढचे तीन आठवडे विषय कोणताही असो, ती तेवढंच म्हणत राहिली. तिकडे तिचे वडील चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत होते की पोरीनं साहेबांना आपल्या गावाची हकिकत ऐकवली. वर्गातल्या मुलांना खरं काय ते ठाऊक होतं. घरी कोणीच बोललं नाही. माझ्यापेक्षा त्यांना जास्त समजत होतं.

मला झोप लागेना. एका रविवारी दुपारी, आज सांगूनच टाकायचं असं ठरवून मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात जाळं विणत होते. त्यांनी खाट पुढं ओढली. "बसा जी मॅडम." मी बसले, मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवलं. तेवढ्यात त्यांनी आत हाक मारली, "ये वं, मॅडम आल्या. बोल ना त्यायच्यासंग इंग्रजीत. मी आयकतो."

ती दारात येऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिनं माझ्याकडे सरळ बघितलं आणि हळू, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "मॅडम, यू टेल हिम. आय कॅनॉट."

तुम्हीच सांगा त्यांना, माझ्यानं होत नाही.

वडिलांचे हात जाळ्यावर थांबले. चेहरा फुलला होता. "काय म्हणते जी?"

"पाणी देऊ का, विचारते," मी म्हणाले.

"मंग आण ना वं," ते तिला म्हणाले.

ती आत गेली आणि पाणी घेऊन आली. पेला माझ्या हातात दिला आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.