कनातीआडचा गुण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही — आणि मुलाखत घ्यायला येणाऱ्यांना तर नाहीच. तुम्हालाच का सांगते? गप्प बसायचा कंटाळा आला, असं म्हणा.

मी मलायात खेळले, इंग्लंडात खेळले. बैठकीतलं कपाट चषकांनी भरलंय. सुरुवात कुठून झाली, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं — नांदेडहून, एका चांगल्या खेळाडूला हरवून. ऐकायला छान वाटतं ना?

ती खेळाडू म्हणजे झुबेदा. माझी मैत्रीण. तिचे अब्बा रॅकेटला तात विणून द्यायचे. माझी रॅकेटही त्यांच्याच हातची. निजामी अमदानीची शेवटची वर्षं ती. क्लबात बायकांचं कोर्ट वेगळं, चारी बाजूंनी कापडी कनात लावलेली. आत पुरुषाची नजर पडायला नको! मग पंच कुठे बसणार? कनातीबाहेर, खुर्ची टाकून. आम्ही आतून ओरडायचं आणि म्हाताऱ्या मुन्शीजींनी बाहेर गुण लिहायचे. शटल जिच्या बाजूला पडेल तिनंच सांगायचं — आत की बाहेर. सगळा खेळ जबानीवर.

त्या सामन्यात जिंकणारी हैदराबादला निवडीसाठी जाणार होती. झुबेदाच्या अब्बांनी मोठ्या मुश्किलीनं हो म्हटलं होतं — जिंकलीस तर जा, नाहीतर खेळ बंद. मला हे ठाऊक होतं. ठाऊक होतं, हे आधीच सांगून ठेवते.

शेवटचा डाव. तिला एकच गुण हवा होता. तिनं उंच मारलेलं शटल माझ्या मागच्या कोपऱ्यात पडलं. मी वळले, वाकले, ते उचललं — आणि "आऊट!" म्हणून ओरडले.

बाहेरून मुन्शीजींनी सर्व्हिस बदलल्याचं पुकारलं. झुबेदा घामाघूम होऊन जाळीपाशी आली. मला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर किती बरं झालं असतं!

"तू जवळ हायेस, तुला दिसलं. मला हितून न्हाई दिसलं," एवढंच म्हणाली आणि जागेवर परत गेली.

मी जिंकले. तिचा खेळ बंद झाला.

पुष्कळ वर्षांनी नांदेडात माझा सत्कार झाला. ती पहिल्या रांगेत होती, नातीला घेऊन. मला मिठी मारून नातीला म्हणाली, "हिनं मला हरवलं होतं बरं का! लई थोड्यात हरले मी." केवढा अभिमान तिला! आणि मी काय केलं? तिच्या खांद्यावर हात ठेवून हसले. त्या ओरडण्यापेक्षा मला त्या हसण्याची जास्त लाज वाटते.

गेल्या वर्षी झुबेदा गेली. सांगायला वेळ भरपूर होता. मी सांगितलं नाही.

लिहिताना जड जाईल असं वाटलं होतं. उलट हलकं वाटतंय — छातीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं. मग आता नीटच सांगते. आमच्या कोर्टाच्या रेघा चुन्याच्या होत्या. मी उचललेल्या शटलचं बूच पांढरं झालं होतं. मी ते साडीच्या निऱ्यांना पुसलं आणि मग ओरडले. शटल रेघेवर पडलं होतं. सामना झुबेदानं जिंकला होता.