आण्णांनी बघितलेला खेळ

आण्णा भुताचा खेळ बघायला बसले की पडद्याकडे कमी आणि स्वतःच्या हाताकडे जास्त बघायचे. दिवे गेले की उजवी बाही कोपराच्या वर सारायची, हात मांडीवर पालथा टाकायचा आणि पडद्याच्या उजेडात हातावरचे केस उभे राहतात का ते न्याहाळत बसायचं. आमच्याकडे तेव्हा एकच यंत्र होतं, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागत. दिवे लागले की आण्णा शेजाऱ्यापुढे हात धरत. शेजारी ओळखीचा असला पाहिजे असं काही नव्हतं. "काटा बघा. लावून बघा की हात!" आणि काटा आला नसला तर तेवढ्याच मोठ्या आवाजात मागे वळून म्हणत, "ओ आपरेटर, हे भूत परत पाठवा. शिळं आहे."

तो ऑपरेटर मी. चाळीस-बेचाळीसनंतरची लढाईची वर्षं आणि त्यापुढची दोन-चार, मी सांगलीतल्या एका थिएटरात खेळ दाखवत होतो. ऑपरेटरला बोलावं लागत नाही, म्हणून तर मला तो धंदा मानवला. पण न बोलण्याची सवय कधीकधी माणसाला फार सोयीची होते. आण्णांबद्दल लिहायचं तर ते शेवटी सांगावंच लागेल. आधी आण्णा.

आण्णा हळदीचे व्यापारी, जैन. पेढी हळद बाजारात. धोतराचा सोगा, कानाची पाळी, नाकाचा शेंडा, काही ना काही कायम पिवळं असायचं. जेवण दिवस मावळायच्या आत. त्यानंतर पाण्याचा थेंब नाही. मध्यंतरात अख्खा हॉल शेंगा फोडत असायचा आणि आण्णा मात्र कोरडे बसलेले. कुणी विचारलं, एवढं सोवळं पाळता आणि भुताचे खेळ कसले बघता, तर म्हणत, "पाच वाजता जेवतो. पुढं झोपेपर्यंत करू काय? पोटाला काम नाही, मग काळजाला तरी देतो."

हा शूर माणूस घरात उंदीर निघाला की पाटावर चढून उभा राहतो, हे त्यांच्या बायकोनेच आम्हाला सांगितलं होतं. खेळ चांगला भीतीदायक निघाला की आण्णा रेंगाळत, मी कुलूप लावेपर्यंत थांबत आणि म्हणत, "चल, तुला सोबत करतो. तुझ्या वाटेला कुत्री फार." माझी वाट त्यांच्या घरावरून जात नव्हती. तरी आम्ही त्यांच्या दारापर्यंत जायचो, ते आत शिरून कडी घालायचे आणि आतून विचारायचे, "जाशील नं रं एकटा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीवर, हळदीच्या पोत्यांवर बैठक बसे. कायमचे गडी दोन, आण्णा आणि सुभेदार. दवाखान्यातला कंपाउंडर अधूनमधून, आणि मी कोपऱ्यात. सुभेदार साताऱ्याजवळच्या खेड्यातले मराठा शेतकरी, पलटणीचे पेन्शनर. लेक सांगलीत दिलेली. महिन्यातून एकदा नातवंडांना बघायला येत, असं लेकीला वाटायचं. ते येत आण्णांशी भांडायला.

वेताळाचा एक खेळ लागला होता. कंपाउंडर म्हणाला, "वेताळ झकास होता बुवा."

"कसला झकास?" आण्णा उसळले. "पोट बघितलं का त्याचं? दोन वेळ तूप खाणारं पोट. असल्याला मी भिऊ?"

"आवं, राजाच्या पदरचा वेताळ हाय. खाईल की," सुभेदार म्हणाले.

"मग राजानं भ्यावं. मी कशाला?"

"आन् त्या हडळीला बी भ्याला न्हाईसा तुमी."

"काय भिऊ तिला? एवढं पांढरंशुभ्र पातळ सांगलीत कोण धुतं सांगा. मला वाटलं, उठून तिला परटाचा पत्ता विचारावा."

इंग्रजी खेळांवरही त्यांचा राग होता. तिकडचं भूत दार वाजवून आत येतं, ही त्यांची तक्रार. सुभेदार म्हणाले, "सायबाचं भूत हाय. वर्दी दिल्याबिगर यील व्हय?"

पण एकदा कंपाउंडरने सरळच विचारलं, आण्णा, तुम्हाला हवंय तरी कसलं भूत? आण्णा थोडा वेळ हळकुंड बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "भूत दिसलं की भीती संपली. घरातलंच माणूस असावं. पंगतीत बसावं, वाढावं, हसावं. आणि ते जिवंत नाही हे कुणालाच ठाऊक नसावं, फक्त मला. असला खेळ काढा म्हणावं कुणीतरी."

आणि तो खेळ निघाला. काढला मी, झोपेत असल्यासारखा.

घडलं ते असं. साताऱ्याचा मुक्काम संपवून एका घरगुती बोलपटाचे डबे आमच्याकडे आले. आण्णांनी पुढे त्याला 'विहिरीचा खेळ' असं नाव ठेवलं, मीही तेच म्हणतो. रिळं तपासताना दोन ठिकाणी फिल्म फाटलेली दिसली. ती जोडली, आणि परत ठेवताना दोन डब्यांची झाकणं अदलाबदल झाली. रिळाचा आकडा असायचा झाकणावर. त्यामुळे शेवटून दुसरं रीळ तिसऱ्याच्या जागी गेलं आणि तिसरं शेवटाकडे.

मूळ गोष्ट साधी. पोरगी लग्न होऊन सासरी येते, सासू छळते, पोरगी विहिरीत उडी घेते, नवरा तिच्या तसबिरीपुढे रडतो. आमच्या थिएटरात काय झालं? तिसऱ्याच रिळाला पोरीने विहीर जवळ केली. प्रेत वर काढलं, आयाबाया रडल्या, दिवे लागले. दिवे गेले आणि पोरगी चुलीपुढे बसून भाकरी थापतेय. सासू शेजारी बसून खातेय. नवरा आला, तोही बसला खायला. कुणाला काहीच वाटत नाही.

हॉलमध्ये शेंगांचा आवाज बंद झाला. बायकांच्या बाजूला एक पोर किंचाळलं. मला खिडकीतून चूक कळली होती, पण यंत्र थांबवलं तर लोक खुर्च्या मोडणार, म्हणून चालू ठेवलं. पोरगी पाणी भरत होती, धुणं धुवत होती, सासूच्या शिव्या ऐकत होती, आणि मेलेली होती. शेवटाकडे तर कहर झाला. तीच पोरगी नवी नवरी होऊन, उंबऱ्यावरचं माप लवंडून, हसत घरात शिरली. आणि लगेच नवरा तसबिरीपुढे एकटा रडताना दिसला. म्हणजे त्याला कळलं!

दिवे लागले तेव्हा आण्णा हात बघत नव्हते. दोन्ही हात काखेत घालून बसले होते. त्या दिवशी त्यांनी मला सोबत केली आणि स्वतःच्या दारातून परत फिरून माझ्या घरापर्यंत आले. मग मला त्यांना परत पोचवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजारात बोलबाला. मालक खूश. स्वतः त्याने आयुष्यात एकही खेळ पुरता बघितला नव्हता. तो गल्ल्याशेजारी बसायचा आणि गर्दीवरून खेळाची प्रत ठरवायचा. मला म्हणाला, "काल दाखवलंस तसंच रोज दाखव." मी झाकणं होती तशीच ठेवली. सरळ दाखवला तर भुतासाठी आलेली गर्दी बोंबलणार, आणि कालची चूक उघडी पडणार. माझं लग्न नुकतंच झालं होतं. नोकरी गेली असती तर सासऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

आणि सुभेदार आले. त्यांनी तो खेळ साताऱ्यात बघितलेला.

"भूत?" ते म्हणाले. "कुठलं भूत? आण्णा, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? घरगुती खेळ हाय त्यो. पोरगी शेवटाला हिरीत पडती, खेळ खलास."

"शेवटी? सुभेदार, पोरगी सुरुवातीलाच मेली. पुढं भाकरी थापते ती कोण मग?"

"जित्ती बाई थापती!"

"मेलेली!"

एरवी हा वाद तासभर चालून चहावर मिटला असता. पण या वेळी दोघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि सुभेदारांचे डोळे म्हणजे साधी बाब नव्हती. पहिल्या लढाईत ते टेहळणीवर होते. गावात बांधाचं भांडण उभं राहिलं की दोन्ही बाजू त्यांनाच बोलवायच्या. हद्दीचा दगड आधी कुठं होता हे सुभेदारांनी बघितलंय म्हटलं की प्रश्न मिटला. त्यांना कुणी 'तुम्ही नीट बघितलं नाही' असं कधी म्हटलं नव्हतं. आण्णांनी म्हटलं. ठरलं असं की संध्याकाळी दोघांनी मिळून खेळ बघायचा, आणि जो चुकेल त्याने पुन्हा पेढीवर सिनेमाबद्दल तोंड उघडायचं नाही.

त्या संध्याकाळी दोन्ही डबे माझ्यासमोर होते. झाकणं बदलायला कितीसा वेळ लागतो? मी ती बदलली नाहीत.

तिसऱ्या रिळाला पोरगी विहिरीत पडली, तेव्हा सुभेदार उठून उभे राहिले. मागचे लोक ओरडले, "ओ, बसा खाली!" ते बसले. खेळ संपल्यावर आण्णा पोरासारखे नाचत म्हणाले, "काय सुभेदार? कोण थापत होतं भाकरी?" सुभेदारांनी फेटा काढून हातात घेतला, पुन्हा घातला. मग अगदी हळू म्हणाले, "मी बगितलं त्ये काय हुतं मंग?"

पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांची लेक पेढीवर आली आणि आण्णांना म्हणाली, "काका, आमच्या दादांना काय झालंय वो? गावात बांधाचा वाद निघाला, बोलवायला लोक आले, तर न्हाई म्हणाले. माझ्या डोळ्यांवर माझाच इश्वास न्हाई म्हणत्यात. गुरं मोजली तरी दोनदा मोजत्यात."

आण्णा तसेच उठून थिएटरवर आले. दुपार होती, मी यंत्राला तेल घालत होतो. ते माझ्यासमोर स्टुलावर बसले. म्हणाले, "सुभेदार खोटं बोलणारा माणूस नाही. चुकीचं बघणाराही नाही. आणि मी पण आंधळा नाही. म्हणजे घोळ इथं आहे, तुझ्याकडं. सांग."

मी सांगितलं. सगळं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण ते म्हणाले, "म्हणजे असला खेळ कुणी काढलेलाच नाही?"

"नाही."

"अरेरे," आण्णा म्हणाले. आणि मग स्वतःचीच लाज वाटल्यासारखे उठले. "मी उद्या साताऱ्याला जातो. त्यांना सांगायला पाहिजे."

मी त्यांचे पाय धरले. हे लिहिताना आजही बोटं थांबतात, पण धरले. आण्णा, माझं नाव सांगू नका, म्हणालो. आण्णा म्हणाले, "तुझं नाव सांगितलं तर सुभेदार तडक मालकाकडं येतील. सरळ माणूस आहे. सरळ माणसाचं तेवढं एक वाईट असतं." मग जरा विचार करून म्हणाले, "बघतो काय ते."

परत आले तेव्हा मी विचारलं, काय झालं. "सांगितलं. म्हणालो, मीच रिळं फिरवायला लावली. जिंकायचं होतं म्हणून."

"मग?"

"मला चहा दिला त्यांनी. स्वतः घेतला नाही."

सुभेदारांचे डोळे त्यांना परत मिळाले. ते पुन्हा बांधावर जाऊ लागले, असं लेकीकडून कळायचं. पेढीवर मात्र ते पुन्हा आले नाहीत. चूक झाली असं कळतं तर त्यांनी हसून सोडून दिली असती. मित्राने लबाडी केली, ती नाही सोडली. सांगलीत कुणी आण्णांचं नाव काढलं की म्हणत, "त्यो हळदीवाला? त्यानं मला माझ्याच डोळ्यांत खोटा पाडला."

आण्णा सिनेमाला येत राहिले. बाही सारत, हात न्याहाळत. पण दुसऱ्या दिवशी खेळाबद्दल एक अक्षर नाही. कंपाउंडरने विचारलं तर म्हणत, "बरा होता." आण्णांच्या तोंडी 'बरा'! भांडायला समोर माणूस नसेल तर मत घेऊन करायचं काय? मला मात्र त्यांनी कधी एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. पुढे त्या मालकाने थिएटर विकलं, मी मिरजेला दुसरीकडे लागलो, माझ्या नोकरीला कुणाची भीती उरली नाही, तरी मी गप्पच. ऑपरेटरला बोलावं लागत नाही ना.

आण्णा गेल्या वर्षी वारले. सुभेदार आले नाहीत. तेव्हा मात्र मला घरात बसवेना. काही दिवसांनी मोटार धरून मी त्यांच्या गावी गेलो.

सुभेदार सोप्यात घोंगडीवर बसले होते. वय झालेलं, दृष्टी पार गेलेली. नातसून म्हणाली, आता त्यांना दिवस-रात्रसुद्धा कळत नाही. मी नाव सांगितलं, ओळख दिली आणि सांगायला आलो होतो ते एका दमात सांगून टाकलं.

ते मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "आण्णाला ठावं हुतं, तू केलंस त्ये?"

"होय."

"आन् तरी मीच केलं म्हनला?"

"होय."

"लबाड," सुभेदार म्हणाले. किती वेळ तरी ते तोंडातल्या तोंडात तेच म्हणत होते, आणि डोळे पुसत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुजं काय त्ये तुजं तू बग. मला नगं सांगू." मी उठायला लागलो. तेव्हा त्यांनी हात पुढे करून माझी बाही धरली.

"बस. त्यो खेळ सांग. तवा रागात बगितला मी, कायबी ध्यानात न्हाई. आण्णानं बगितला तसा सांग."

मी सांगितला. विहीर सांगितली, प्रेत सांगितलं. मग चूल, भाकरी, शेजारी बसून खाणारी सासू. पाण्याच्या घागरी. शेवटी माप लवंडून हसत आत येणारी पोरगी. तसबिरीपुढे रडणारा नवरा. बाहेर दिवेलागण झाली होती, गुरं परतत होती.

"अवगड हाय गड्या," सुभेदार म्हणाले. "आण्णा म्हनत हुता त्ये खरं हाय. भूत घरातलंच असावं." मी चपला घातल्या, तसे त्यांनी हाक मारली, "जाताना तेवडा कंदील लावून जा रं."