आईची सेवा आणि माझा नकार

मी ख्रिस्ती घरात जन्मले, तिथंच वाढले, आणि आता माझा देवावर विश्वास नाही. हे लिहायला मला जड जात नाही. लातूरच्या आमच्या चर्चमधल्या मंडळीसमोर उभं राहून हे बोलले तेव्हाही जड गेलं नव्हतं. जड गेलं ते ऐकणाऱ्यांना, आणि त्याची भरपाई त्यांनी माझ्या आईकडून करून घ्यायची ठरवली. माझा राग आहे तो त्याचा.

मी नांदेडला एका शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारची शाळा सुटली की एसटी धरून लातूरला येते, कारण वडील गेल्यापासून आई एकटी आहे. रविवारी तिच्यासोबत उपासनेला जायचे. विश्वास तर कधीच उडाला होता, पण आईच्या शेजारी बसायला विश्वास लागतोच असं नाही, म्हणून मी गप्प बसत होते. अशातच एका रविवारी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, वेदीवरून जाहीर करून टाकलं की मुलांची सुट्टीतली बायबल शाळा यंदा ताईच घेणार. मला विचारलंही नव्हतं. आता गप्प बसले असते तर पुढचा सगळा मे महिना लहान पोरांपुढं खोटं बोलावं लागलं असतं. मी उठून म्हणाले, मला जमणार नाही, माझा यावर विश्वास राहिलेला नाही, आणि जे मला खरं वाटत नाही ते मी पोरांना शिकवणार नाही.

कुणीतरी लगेच गीत सुरू केलं. आमच्या मंडळीत अवघड प्रसंग आला की गीत सुरू होतं.

त्यानंतर घरी माणसं यायला लागली. आधी महिला मंडळाच्या बायका आल्या, मग पंच आले, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी वडीलधारी माणसं. सगळ्यांना कारण हवं होतं. कुणी दुखावलं का? शाळेत कुणी हिंदू मास्तर आवडला का? एका काकूंनी तर माझी शुगर तपासून घ्यायला सांगितलं. मी सांगत होते की काही घडलेलं नाही. मी वाचत गेले, विचार करत गेले, आणि एक दिवस प्रार्थनेला डोळे मिटले तर मी माझ्याशीच बोलत होते. हे कारण कुणालाच पटेना. त्यांना जखम हवी होती, म्हणजे तिला मलम लावता आलं असतं. मग माझ्याच घरात, मीच केलेला चहा पिऊन, माझ्यासाठी मोठ्यानं प्रार्थना व्हायची. एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन, एकीचा बारावीचा निकाल, आणि मधे मी.

यातलं बरंचसं मी हसण्यावारी नेलं. एक मात्र झोंबलं. एक पंच जाताना दारात म्हणाले की हिचा विश्वास मुळात कधी नव्हताच, असता तर गेला नसता. हे मी ऐकून घेणार नव्हते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वधस्तंभाची गोष्ट ऐकून लहानपणी मी हुंदके देऊन रडले आहे. चाकूरला आजोळी साप दिसला तेव्हा येशूचं नाव घेत जागच्या जागी उभी राहिले आहे. मी मनापासून मानत होते आणि आता मनापासून मानत नाही. माझं आजचं तुम्हाला पटत नसेल तर नसू द्या, पण माझं लहानपण खोटं ठरवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला, असं मी त्यांना तिथंच विचारलं. ते चप्पल घालत राहिले.

दुसरीकडून वेगळाच त्रास. शेजारचे किराणा दुकानदार लिंगायत, माणूस फार चांगला. त्यांच्या कानावर गेलं तसं त्यांनी मला हाक मारून सांगितलं, "बरं केलं ताई, आता आमच्यासंगं यात्रेला चला." मी म्हणाले, काका, एक घर सोडलं म्हणून लगेच दुसरं भाड्यानं घ्यायलाच पाहिजे का? ते हसले, पण त्यांनाही ते समजलं नाही. आपल्याकडं माणूस रिकामा राहिलेला कुणाला बघवत नाही.

हे सगळं मला सोसत होतं. मग त्यांनी आईला हात घातला.

आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. त्यासाठीचा द्राक्षारस आई करते. दारू मंडळीत चालत नाही, म्हणून काळ्या मनुकांचा रस. शनिवारी संध्याकाळी मनुका भिजवायच्या, रविवारी पहाटे वाटून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या आणि एक उकळी द्यायची. लग्न होऊन आली तेव्हापासून हे काम तिच्याकडं. तिला व्यासपीठावर कुणी बोलावत नाही, तिची सही कशावर लागत नाही. मंडळीत तिची म्हणून जी काही जागा आहे ती ही एवढीच. पंच येऊन तिला म्हणाले, तुमच्या घरात शांती होईपर्यंत थोडी विश्रांती घ्या. विश्रांती हा त्यांचा शब्द.

त्या शनिवारी संध्याकाळी, मनुका भिजवायच्या वेळी, आई उगाच डबे घासत बसली. मला तिच्याकडं बघवेना. मी तशीच पाळकसाहेबांच्या घरी गेले आणि विचारलं, माझ्या न मानण्याची शिक्षा तिला कशासाठी? पाळकसाहेब माझ्यापेक्षा वयानं लहान, स्वभावानं मऊ. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि आवाज उतरवून म्हणाले, "ताई, काही बोलायची पन गरज न्हाई. एका रविवारी फक्त म्होरं येऊन गुडघे टेका, मी डोक्यावर हात ठेवतो. पंचांचं समाधान होईल, मावशीची सेवा तिला परत मिळंल."

खरं सांगते, माझा पाय घसरला होता. गुडघे टेकायला काय लागतं? आईचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला असता. पण मग माझं लक्ष पाळकसाहेबांच्या चेहऱ्याकडं गेलं. आपण मला काहीतरी खोटं करायला सांगतोय हे त्यांना कळत होतं, आणि तरी ते सांगत होते. मी म्हणाले, खोटी साक्ष देऊ नको हे मला तुमच्याच मंडळीनं शिकवलं, आणि बाकी सगळं सुटलं तरी तेवढं माझ्याजवळ राहिलंय, ते काढून घेऊ नका. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जेवून घे.

रसाचं काम एका पंचांच्या बायकोकडं गेलं होतं. बाई भाविक आणि कामाला वाघ. चूक व्हायला नको म्हणून तिनं शुक्रवारीच रस करून ठेवला. फ्रीजमधे मटण होतं, आणि प्रभूच्या रसाला मटणाचा शेजार नको, म्हणून पातेलं बाहेरच झाकून ठेवलं. लातूरचा मे महिना. रविवारपर्यंत रस चांगला फसफसला. गंमत पुढंच आहे. प्रभुभोजनाच्या वेळी ज्यानं तोंड वाकडं केलं तो अयोग्य रीतीनं प्याला, त्याच्या मनात पाप आहे, असा आमच्यात समज. त्यामुळं अख्ख्या मंडळीनं तो आंबलेला, फेसाळलेला रस डोळे मिटून गंभीरपणे गिळला. दारूला शिवायचं नाही म्हणून जन्मभर जपलेल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा. आई ते सांगताना आधी गंभीर होती, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब एका पंचांना घेऊन घरी आले. मनुका घेऊनच आले होते. मावशी, सेवा तुम्हीच करा, म्हणाले. पण पंचांचं एक म्हणणं होतं, की आईनं उद्या मंडळीसमोर एवढं वचन द्यावं, मी लेकीला परत आणीन. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं मला हातानंच थांबवलं.

"रस मी करीन," ती म्हणाली. "वचन देनार न्हाई. ती काय मेंढरू हाय का, हाकून आनायला? शिकलेली बाई हाय, तिला तोंड हाय, तिनं तुमाला तिचं सांगितलं. आन माझ्या घरात शांती न्हाई म्हनलात ना, शांती व्हती. चाललं व्हतं आमचं."

पंच पाळकसाहेबांकडं बघत राहिले. पाळकसाहेब म्हणाले, "बरं मावशी," आणि चहा संपवून दोघंही गेले.

मला आनंदानं काय करू असं झालं. इतके महिने एकटी भांडत होते, आणि आता आई माझ्या बाजूनं झाली होती. मी तिच्या गळ्यात पडले. तिनं मला बाजूला केलं.

"लई हुरळून जाऊ नको," ती म्हणाली. "तुझ्यासाठी मी रोज प्रार्थना करते, आन मरेस्तोवर करनार."

मी म्हणाले, आई, मला नको आहे ती प्रार्थना, मी इतक्या जणांना तेच तर सांगत आले.

"तुला कुनी विचारलं? तू इस्वास सोडलास तवा मला विचारलं व्हतंस का?"

तिनं परातीत मनुका ओतल्या आणि पाणी कोमट करायला उठली.