आभाराच्या पानावरची विहीर

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. दोन-तीनदा अगदी तोंडापर्यंत आलं — मग चहा टाकायला उठले, दुसराच विषय काढला. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच सांगता येतंय.

मी एक टर्म नगरसेविका होते. चंद्रपूर जिल्ह्यातलं छोटं, नगरपालिकेचं गाव. घुग्घुसकडून येणारे कोळशाचे ट्रक तेव्हा भर बाजारातून जायचे. वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, मी उभी राहिले, निवडून आले. लोक धरूनच चालायचे की कारभार नवरा बघत असणार. नव्हता. तो शाळेत शिकवायचा, घरी येऊन जेवायचा, पेपर वाचायचा. वॉर्डाचं सगळं मीच करायची. पत्रकसुद्धा मीच लिहायची. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे त्याच्याआड लपायला मला जागा उरणार नाही.

पत्रक म्हणजे दोन पानांचा कागद. उन्हाळी, पावसाळी, हिवाळी — वर्षातून तीनदा छापून घरोघरी वाटायची. पुढच्या पानावर कामं: कोणती नाली साफ झाली, कोणत्या खांबावर दिवा लागला, डुकरांचा बंदोबस्त कुठवर आला. मागच्या पानावर आभार: पाणपोईला माठ कोणी दिले, थंडीत शाळेतल्या पोरांना स्वेटर कोणी वाटले. लोक आधी मागचं पान वाचायचे. आपलं नाव आहे का, कोणाच्या खाली आहे, नावाआधी "श्रीमती" लावलं की नुसतंच छापलं — यावरून मला रस्त्यात अडवायचे. आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आता हमीदाबींचं सांगते. त्या रंगारीण. विटलेल्या साड्या, ओढण्या पुन्हा रंगवून द्यायच्या. नवरा वारलेला, मुलगाही गेलेला, घरात त्या आणि सून. घर वळणावर, अंगणात दगडी काठाची विहीर. मे महिन्यात सगळं गाव वाळून जायचं, तरी हिला पाणी असायचं. त्या पाण्यावरच त्यांचा धंदा होता.

त्या उन्हाळ्यात पालिकेची मोटर जळली. नळ कोरडे. मी घरोघर सांगत फिरले, टँकर आणते. दोनदा आणला. तिसऱ्यांदा आलाच नाही. त्या दिवशी हमीदाबींनी अंगणाचं फाटक नुसतं उघडलं नाही, बिजागरीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलं. "कोन घडी घडी उघडत बसन?" म्हणाल्या. दोन महिने अख्खा वॉर्ड त्यांच्या अंगणात गुंड, घागरी, बादल्या घेऊन उभा. सगळ्यांचं भरून झालं की मग दुपारच्या उन्हात त्या आपली रंगाची घमेली मांडायच्या.

आणि उन्हाळी पत्रकात मी लिहिलं — "वॉर्डात नियमित टँकर. एकाही कुटुंबाला खाजगी विहिरीवर जावे लागले नाही."

वॉर्डाला तर खरं माहीत होतं. पण पत्रक वॉर्डाबाहेरही जायचं, पालिकेत, पक्षाच्या कचेरीत. ते वाक्य तिथल्या लोकांसाठी होतं. विहीर लिहिली असती तर टँकर कुठे होता, असं कोणीतरी विचारलं असतं. म्हणून आभारातूनही हमीदाबींना गाळलं. नाव मुसलमान बाईचं होतं, वारं तेव्हा तसं होतं, म्हणूनही गाळलं का? अनेकदा स्वतःला विचारलंय. छातीवर हात ठेवून "नाही" म्हणता येत नाही.

सुनेनं त्यांना पत्रक वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले तर भरल्या रांगेत म्हणाल्या, "काऊन वो बाई, तुमचा टँकर कुठी उभा राहे? मले तं दिसला नाई. माह्या विहिरीतच पडला का काय?"

बाया खदखदून हसल्या. मीही हसले. म्हटलं, "हमीदाबी, पुढच्या वेळी तुमचं नाव टाकते."

"नावाचं का लोणचं घालू? मोटर बसवा लवकर."

तिथेच संपलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते.

पुढच्या वर्षी ट्रकांसाठी रस्ता रुंद करायचं निघालं. चुन्याची रेघ आली ती विहिरीच्या काठाबाहेरून, म्हणजे विहीर रस्त्यात. पालिकेचे इंजिनीयर भले होते. मला म्हणाले, "विहीर लोकांच्या वापरात आहे एवढं तुम्ही सभेत सांगा, ताई. रेघ समोरच्या पडीक जागेकडे सरकवता येते." हमीदाबीही आल्या. पायरीवर बसल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. "बाई, विहीर गेली तं मी रंगवू कायच्यात? एवढं बोला." मी म्हटलं, बोलते.

सभेत आमच्या रस्त्याचा विषय आला. समोरच्या बाजूला विरोधी पक्षाचे एक सदस्य बसले होते. त्यांच्या पुढ्यात माझं उन्हाळी पत्रक होतं, मागच्या वर्षीचं. नुसतं ठेवलेलं. त्यावर पेन. त्यांनी ते उघडलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. पण मला माझंच वाक्य पाठ होतं. विहिरीवर वॉर्ड जगला म्हणायचं, तर टँकरचं खोटं होतं हे त्याच तोंडानं कबूल करायला हवं. काय झालं असतं? चार लोक हसले असते. पेपरात चार ओळी आल्या असत्या. एवढंच ना? — एवढंच.

अध्यक्षांनी विचारलं, "वॉर्डाच्या सदस्यांना काही सांगायचं आहे?"

मी म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही."

सभेच्या इतिवृत्तात ते तसंच लिहिलं आहे. कोणी उघडून बघत नाही, म्हणून माझं निभावलं.

बाहेर हमीदाबी थांबल्या होत्या. मी त्यांना सांगितलं — आणि हे मी ठरवून नव्हतं आणलं, पण अडखळलेही नाही — "खूप भांडले हो, पण कोणी ऐकलंच नाही." त्यांनी माझा हात धरला. "जाऊ द्या बाई. पानी पिता का? तोंड सुकलं तुमचं."

आठवड्याभरात मलबा आणून विहीर बुजवली. मोटर तोवर बसली होती, पण नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी. त्यात साड्या कशा रंगणार?

मग हिवाळी पत्रक आलं. वॉर्डात कुजबुज होती की गरीब बाईची विहीर घेतली. ती मिटवायला मी आभाराच्या पानावर पहिलंच नाव घातलं: "रस्त्याच्या कामासाठी आपली विहीर स्वखुशीने देणाऱ्या श्रीमती हमीदाबी." सगळ्यांच्या वर. "श्रीमती" लावून. वाटताना त्यांचं घर तेवढं सोडलं. तरी कोणीतरी दिलंच असेल, सुनेनं वाचलंच असेल.

महिन्याभरात घर विकून सासू-सुना अहेरीला लेकीकडे निघाल्या. जायच्या दिवशी हमीदाबी माझ्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "येते बाई. तुमी माह्यासाठी भांडल्या, सगळ्याइले सांगून जाऊन राह्यली मी."

हे त्या मनापासून बोलल्या, की वाचून सगळं कळल्यावर मुद्दाम बोलल्या — मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, त्यामुळे मला माहीत नाही. मी "सांभाळून जा" म्हटलं आणि दार लावलं.

मी भांडले नव्हते. विहीर त्यांनी दिली नव्हती, मी घालवली.