पाच नंबरच्या बायका

“अहो बाई, कोड चारच आहेत. मग हा आठ आला कुठून?” साहेबांनी माझा कागद माझ्याकडे सरकवला. रागावले की ते आवाज चढवत नसत, कागद सरकवत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात एका सरकारी आरोग्य ऑफिसात स्टॅटिस्टिकल असिस्टंट होते. शहराबाहेरच्या टीबी हॉस्पिटलातल्या पेशंटांचा रिपोर्ट पुण्याला पाठवायचा होता. प्रत्येक पेशंटचा एक फॉर्म आणि त्यावर ‘सद्यस्थिती’च्या रकान्यात एक आकडा. एक म्हणजे उपचार चालू, दोन म्हणजे बरा होऊन घरी गेला, तीन म्हणजे उपचार सोडून गेला, चार म्हणजे वारला. शब्दांऐवजी आकडे लिहिले की मोजणं सोपं जातं. या आकड्यांना आम्ही कोड म्हणायचो.

मोजणीची पहिली पायरी म्हणजे फ्रिक्वेन्सी टेबल. नाव भारदस्त, काम पोराटोरांनाही जमेल असं. कुठला आकडा किती वेळा आला ते रेघा मारून मोजायचं आणि एकाखाली एक मांडायचं. फॉर्मांच्या ढिगात चुकीचा आकडा सहज लपून राहतो. टेबलात मात्र त्याची वेगळी ओळ होते आणि तो उघडा पडतो.

मला हे काम आवडायचं. खोटं कशाला बोलू, दुसरं काही नव्हतंच. आईवडील गेलेले, भाऊ नागपूरला, त्याची पत्रं हळूहळू बंद झालेली. साखर पेठेत माझी खोली होती. आजूबाजूला विणकरांच्या मागांचा खडखडाट आणि बोलणं सगळं तेलुगूत. सुट्टीच्या दिवशी दिवसभरात माझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडत नसे.

आठाचा उलगडा लवकर झाला. हॉस्पिटलात आकडे मराठीत लिहीत, आमचा कारकून ते इंग्रजीत उतरवून घेई. मराठी चाराचं डोकं मिटलं की तो इंग्रजी आठासारखा दिसतो. मी मूळ फॉर्म काढले आणि आठाचे चार केले. चूक सापडली म्हणून खूश झाले. मग लक्षात आलं की ही सगळी माणसं वारलेली आहेत, आणि स्वतःचीच लाज वाटली.

आता कोडात न बसणारा एकच आकडा राहिला, पाच. हा आकडा अकरा फॉर्मांवर होता.

“तेही तसलंच काहीतरी असणार. दोन करून टाका,” साहेब म्हणाले.

पण मूळ फॉर्मवर पाच ठसठशीत होता. सगळे फॉर्म बायकांच्या वॉर्डातले, अक्षरही एकाच हातचं. मी बस पकडून हॉस्पिटलात गेले. वॉर्डच्या जाधव सिस्टरांनी काही लपवलं नाही.

“मीच लिहिलाय. ह्या बऱ्या झाल्यात, पण न्यायला कोणी येत नाही. पत्रं धाडली, उत्तर नाही. दोन कसा लिहू? आणि दोन लिहिला की खाट रिकामी धरतात. दुसऱ्या दिवसापासनं जेवण बंद.”

“मग एक लिहा ना. उपचार चालू.”

खिडकीपाशी एक बाई गहू निवडत बसली होती. ती मध्येच बोलली. शांतव्वा तिचं नाव, अक्कलकोटकडची.

“आजारी लिवू नका, बाई. मी बरी हाय की. सरकारच्या कागदात आजारी म्हटल्यावर भाऊ मला कशाला न्हेतोय?”

दोन लिहिला तर तिचं जेवण जाणार. एक लिहिला तर घरी जायची उरलीसुरली आशा जाणार. तिनं सूप बाजूला घेऊन मला बसायला जागा केली.

“तुमचं कोन हाय हितं?”

“कोणी नाही.”

“न्यायला येतंय का कोन?”

“नाही.”

“मग तुमीबी पाचच की,” ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

चेष्टाच होती ती. मीही हसले. परतीच्या बसमध्ये मात्र रडू आवरेना.

“पाच हा कोड मंजूर नाही,” साहेब म्हणाले.

“मंजूर नाही, पण बायका आहेत. पाचाची ओळ तशीच ठेवते. खाली टीप देते, या बऱ्या आहेत, पण हॉस्पिटलातच राहतात, खाटा रिकाम्या धरू नयेत.”

त्यांनी कागद सरकवला. मग कागद परत ओढून सही केली.

सहीची एक प्रत हॉस्पिटलात गेली आणि जेवण चालू राहिलं. शांतव्वाचा भाऊ काही आला नाही. पुढे हाताखाली नवी माणसं आली, त्यांना मी एवढंच शिकवलं. टेबलात परका आकडा दिसला तर आधी मूळ फॉर्म काढा. फॉर्मवरही तोच असला तर बस पकडा.

तो रिपोर्ट पुण्याला पोचला तेव्हा तिथे कोणीतरी आमचं टेबल नीटनेटकं केलं. चार ओळी ठेवल्या, पाचवी टिपेसकट गाळली. खालची एकूण संख्या बदलायची मात्र राहून गेली. मग विचारणा आली की चार गटांची बेरीज एकूण संख्येपेक्षा कमी भरते, तरी उर्वरित अकरा रुग्ण कोठे गेले याचा तातडीने खुलासा करावा.

खुलासा मी लिहिला. “सदर अकरा स्त्रिया कोठेही गेलेल्या नाहीत.”