तेलगावचा हुरडा आणि जुन्या सामन्याचा निकाल

जानेवारीत एका सकाळी शबानाचा बीडहून फोन आला. "मीने, हुरडा आलाय. कांता बोलवायली असं समज आणि निघून ये."

"असं समज म्हणजे?"

"म्हणजे कांता बोलवत न्हाई. तिची जाऊ बोलवायली."

शबाना, कांता आणि मी बीडच्या एका शाळेत एकाच खो-खो संघात होतो. पुढे वडिलांची बदली झाली आणि मी पुण्याची झाले. शबाना बीडमध्येच राहिली, तिथं तिचं शिवणकामाचं दुकान आहे. कांता लग्न होऊन तेलगावला गेली, शेती आणि म्हशी सांभाळू लागली. पावसाळ्यात गोठ्यात घसरून तिचा गुडघा गेला. दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता चाला. पण ही घराच्या उंबऱ्याबाहेर पडेना. काठी घेऊन खोलीतल्या खोलीत फिरायची आणि कुणी बाहेर चल म्हटलं की चिडायची. शेवटी जावेनंच शबानाला गळ घातली, की तुमी मैत्रिणी या, तुमचं ऐकंल ती.

नवऱ्याला सुट्टी नव्हती. मी गाडी शिकून जेमतेम वर्ष झालेलं आणि शिक्रापूरच्या पुढे मी कधी एकटी गेले नव्हते. रात्रभर विचार केला आणि शुक्रवारी पहाटे निघाले.

ज्यांना या बाजूला यायचंय त्यांच्यासाठी रस्त्याचं सांगते. पुण्याहून नगर, तिथून कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा करत मांजरसुंबा आणि मग बीड. थांबत थांबत सहा तास धरा. नगर ओलांडेपर्यंत ट्रकांची गर्दी असते, उजेडाच्या आधी निघालात तर सुखात जाल. कड्याच्या आसपास रस्त्याकडेला 'हुरडा पार्टी'च्या पाट्या सुरू होतात. ओळखीचं शेत नसेल तर तिथंही छान सोय होते, फक्त आदल्या दिवशी फोन करून जा आणि सकाळीच पोचा. दुपारी उन्हात हुरड्याची गंमत अर्धी होते. हंगाम डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. त्यानंतर दाणा कडक होतो आणि त्याची ज्वारी होते.

जामखेडच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर भेटायला लागले. दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, मागं दिवा असला तर नशीब. पहिल्या ट्रॅक्टरच्या मागं मी इतका वेळ रांगत राहिले की मागचा जीपवाला कंटाळून शेजारी आला आणि काच खाली करून म्हणाला, "ताई, कारखान्यापोत्तर ह्याच्याच मागं जाणार का?" मग मी गिअर बदलला, श्वास रोखला आणि पुढे गेले. त्यानंतर किती ट्रॅक्टर मागं टाकले ते मोजलं नाही, पण प्रत्येकाला मनातल्या मनात राम राम केला.

मांजरसुंब्याच्या चौकात सगळ्या दिशांच्या गाड्या जेवायला उतरतात. धाब्यावर शेवभाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि मग रबडी. इथली रबडी चुकवू नका. घट्ट, जरा करपट वासाची, साखर बेताची. शाळेत असताना सामन्याहून परत येताना आमचे सर इथं एसटी थांबवायला लावायचे. जिंकलो तर रबडी, हरलो तर नुसता चहा. मी कुणाशी जिंकले नव्हते, तरी दोन वाट्या खाल्ल्या. पोट तुडुंब झालं आणि मन लई खूश.

घाट उतरून पालीजवळ बिंदुसरा धरणाच्या कडेला पाच मिनिटं थांबले. पाणी निळं, वारा गार, काठावर एक कुटुंब पेरू खात बसलेलं. दुपारी बीडमध्ये शिरले. राहायला स्टँडच्या आसपास साध्या, स्वच्छ लॉज आहेत. मी अर्थात शबानाकडे उतरले.

शबानाचं दुकान म्हणजे पुढं शिलाई मशीन, मागं कपड्यांचे गठ्ठे आणि भिंतीवर टीव्ही. त्या टीव्हीवर दिवसभर जुने रडके सिनेमे चालतात. मी पोचले तेव्हा सासरच्यांनी घराबाहेर काढलेली एक सून पावसात मंदिराच्या पायऱ्यांवर आपटून घेत होती आणि तिच्या रक्षणाला एक नाग फणा काढून उभा होता. ब्लाउज शिवायला टाकायला आलेल्या दोन बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

आता खरं सांगते. पुण्यात मी नवऱ्याबरोबर फिल्म क्लबला जाते. तिथं दोन माणसं एका टेबलाशी तास-तास गप्प बसलेली असतात आणि नंतर आम्ही त्या गप्प बसण्यावर चर्चा करतो. मला ते सिनेमे आवडत नाहीत असं नाही. पण नाग, सून आणि देवळातल्या आपोआप वाजणाऱ्या घंटा यांनी मला जे सुख दिलंय ते कुणीच दिलं नाही. बीडच्या टॉकीजमध्ये बायकांच्या बाकांवर आम्ही तिघी मांडीला मांडी लावून बसायचो. कांता मैदानावर वाघीण, पण सिनेमात पहिल्या गाण्यापासून रडायची. नाग मेला तेव्हा ती इतकी हमसून रडली होती की मागच्या बाकावरच्या एका आजींनी तिला स्वतःजवळचे फुटाणे दिले.

शबानानं मला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि म्हणाली, "बस. अजून घंटा वाजायच्यात."

घंटा वाजल्या. मी रडले. शबाना मशीनवर पाय मारत रडली. त्यातली एक बाई जाता जाता मला म्हणाली, "तुमी पुण्याच्या ना? मला वाटलं पुण्यात असलं बघत नसतील."

"बघत नाहीत," मी म्हटलं. "म्हणून इथं आले."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडवणीमार्गे तेलगावला निघालो. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस आणि वेचणी संपत आलेला कापूस. वाटेत शबानानं मला सगळं नीट समजावलं, कारण कांताची जाऊ कोण हे मला माहीत असलं तरी ती त्या घरात कशी आली याचा तपशील नव्हता.

तर ती गोष्ट अशी. दहावीच्या वर्षी आम्ही विभागीय सामन्यात अंतिम फेरीला गेलो. समोर परळीचा संघ. शेवटच्या डावात आमच्याकडून कांता एकटी मैदानात उरलेली. थोडाच वेळ काढायचा होता. ती खांबाला वळसा घालून सुटली, मागं परळीची एक बारीक, लांब हातांची मुलगी. पंचांनी बोट वर केलं. कांता बाद, आम्ही एका गुणानं हरलो. कांता ओरडत राहिली, "शिवलंच न्हाई मला." ती मुलगी म्हणत राहिली, "शिवलं." सरांनी त्या दिवशी आम्हाला चहासुद्धा पाजला नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी धाकट्या दिरासाठी मुलगी बघायला कांता परळीला गेली, तर पोह्यांच्या बशा घेऊन हीच पोरगी समोर. रुक्मिणी. घरी येऊन कांतानं सासूला सांगितलं, "खोटारडी हाय, पण पळते चांगली. करून घ्या." तेव्हापासून दोघी एका घरात. एकमेकींची बाळंतपणं केली, एका ताटात जेवल्या आणि त्या सामन्यावरून आजतागायत भांडत आल्या. "ऑपरेशन झाल्यापासून भांडण बंद हाय," शबाना म्हणाली. "रुक्मिणीला त्याचीच भीती वाटायली."

घर रस्त्यापासून आत, शेताला लागून. रुक्मिणी दारातच भेटली, अजूनही बारीक आणि लांब हातांची. कांता आत पलंगावर बसली होती. मला बघून तिचं तोंड उजळलं, पण लगेच म्हणाली, "कावून आलीस एवढ्या लांब? मी काय मरायला टेकले का?"

"हुरडा खायला आले," मी म्हटलं. "तुझ्यासाठी कोण येतंय?"

हुरडा शेतात. तिला शेतात न्यायला अर्धा तास गेला. शबानानं एका बाजूनं धरलं, काठी दुसऱ्या बाजूला आणि पावलापावलाला "हळू, हळू" असं तिचं स्वतःलाच बजावणं सुरू. रुक्मिणी पुढं निघून गेली होती. आम्ही पोचेपर्यंत तिनं गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, कणसं निखाऱ्यात खुपसलेली. शेजारच्या शेतातल्या आठ-दहा बायका येऊन बसलेल्या, दोन-तीन कॉलेजातल्या मुलीही.

भाजलेलं कणीस हातात घेऊन चोळायचं, हात भाजतात, तरी चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे, दुधाळ, धुरकट दाणे तोंडात टाकायचे. सोबत लसणाची चटणी, दाण्याची चटणी, म्हशीचं कवडीदार दही, गूळ, बोरं आणि रेवड्या. कणसं चोळायचा मान रुक्मिणीचा. तिनं पहिली मूठ कांताच्या तळहातावर ठेवली, दुसरी माझ्या. मी किती खाल्लं ते विचारू नका. पहिल्यांदा जाणाऱ्यांना एवढंच सांगते, आधी गुळाबरोबर खा, मग चटणीबरोबर आणि वर पाणी पिऊ नका, ताक प्या.

पोटं भरल्यावर शबानानं खो-खोचा विषय काढला. कॉलेजातल्या मुलींना सामन्याची गोष्ट हवी होती. शेजारीच सोयाबीन निघालेलं मोकळं रान होतं. रुक्मिणी उठली, त्या रानात जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं सांगू लागली. एका टोकाचा लिंब हा एक खांब, बांधावरचा विजेचा खांब हा दुसरा.

"आक्का हितं होती," ती रानाच्या मधोमध पाय आपटून म्हणाली. "आणि मी हितं. हात लांब केला आणि शिवलं."

"हितं कुठं?" कांता बसल्या जागेवरून म्हणाली. "मी खांबाजवळ होते."

"न्हाई, मधीच होतीस. दमलीवतीस तू."

"मी दमले होते? मी?"

"मधीच होतीस आक्का. सगळ्यांनी बघितलंय."

कांता उठली. काठी आगटीपाशीच राहिली. ती तरातरा नाही, पण सरळ, न थांबता ढेकळांतून चालत लिंबापर्यंत गेली आणि बुंध्याला हात लावून उभी राहिली. "हितं होते मी. हितून असा वळसा घेतला." आणि तिनं वळसा घेतला. डावा हात बुंध्यावर, अंग आत झुकलेलं, तोच जुना डौल, फक्त सावकाश. "आता ये. शिवून दाखव."

रुक्मिणी आली. तीही सावकाश. कांता दोन पावलं सरकली, एकदा उजवीकडे हूल दिली, डावीकडे निघाली. रुक्मिणीनं हात लांब केला आणि तिच्या पाठीमागं हवेत थांबवला.

"अशी वेणी होती तुझी," ती हळू आवाजात म्हणाली. "लाल रिबिनीची. तिला हात लागला माझा आक्का. अंगाला लागला का न्हाई, मला आजपोत्तर ठाव न्हाई. पंचानं बोट वर केलं, पोरींनी मला उचललं, मग मी शिवलं म्हणूनच धरून चालले."

कांता तिच्याकडे बघत राहिली. "रिबिनीला?"

"हां."

"म्हणून मला कळलं न्हाई होय." कांता म्हणाली आणि हसायला लागली. इतकी हसली की लिंबाला टेकावं लागलं. "बया, मला वाटायचं माझंच अंग बधिर झालतं का काय." रुक्मिणीही हसू लागली, डोळे पुसत. एकीनं काहीतरी शिवलं होतं, दुसरीला शिवल्याचं कळलं नव्हतं आणि दोघीही इतकी वर्षं खऱ्याच होत्या.

तेवढ्यात शबानाचं लक्ष गेलं. "कांते, तुझी काठी कुठाय?"

कांतानं आपल्या हातांकडे बघितलं, मग आगटीकडे. रान चांगलं लांब होतं. खाली वाकून तिनं गुडघ्यावरून हात फिरवला, साडीचा काष्टा खोचला आणि कॉलेजातल्या मुलींना म्हणाली, "बसा गं ओळीत. एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं. आज पळणार न्हाई मी. पण पंच मी हाय."

मग आम्ही खेळलो. पन्नाशीकडे झुकलेल्या बायका, ढेकळं, साड्या, सलवारी आणि बाभळीच्या काट्यांची भीती. शबाना पहिल्याच फेरीत पडली आणि पडल्या पडल्या खो दिला. मला एका मुलीनं लिंबाजवळ धरलं. कांतानं बोट वर केलं. मी म्हटलं, शिवलंच नाही. कांता म्हणाली, "पंचाशी वाद न्हाई घालायचा. निघ बाहेर."

निघताना कांता घरापर्यंत चालत आली, काठी शबानाच्या हातात. गाडीत बसताना मी रुक्मिणीला बाजूला घेऊन विचारलं, "ती खरंच मधोमध होती का गं?"

"न्हाई हो," ती म्हणाली. "खांबाजवळच होती. जागा मुद्दाम चुकीची सांगितली. हिचं डोकं मला ठाव हाय. कुणी ओढून उठायची न्हाई, पण चुकीचं बोललेलं हिला बसून ऐकवत न्हाई."

रविवारी दुपारी मी पुण्यात घरी पोचले. सोबत आणलेला हुरडा तव्यावर गरम केला, नवऱ्यानं चवीनं खाल्ला. मला मात्र तो धुराशिवाय अळणी वाटला. तो तिथंच खायचा पदार्थ आहे. गाडीला कुठं ओरखडा नाही, याचा अभिमान मी आठवडाभर मिरवला.

सोमवारी सकाळी ऑफिसला जायला उठले तर पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. जिन्याच्या पायऱ्या कठड्याला धरून, एकेक करत उतरले. कुठल्या जन्मीचे स्नायू होते कोण जाणे, सगळे एकदम जागे झाले होते. संध्याकाळी नवरा बाम घेऊन आला आणि म्हणाला, "आण इकडे पाय, चोळून देतो. लगेच दुखायचं राहील."

मी पाय वर ओढून घेतले. "नको," म्हटलं, "दोन दिवस दुखू दे."