फुईच्या फ्रीझरमधली माणसं

आमच्या घरात शिळं अन्न कधी उरलं नाही, कारण ताजंच पुरत नव्हतं. तरीही माझ्या फुईने, म्हणजे आत्याने, समोर नसलेल्या माणसाला उभ्या जन्मात उपाशी ठेवलं नाही. समोर असलेल्यांचं मात्र तसं ठामपणे सांगता येत नाही. तापीच्या काठी माणसं जपून ठेवणारी अशी बाई दुसरी झाली नसेल, आणि ती उणे अठरा अंशांवर जपणारी तर नक्कीच नाही.

आमचं गाव कोरीट. दिवाळी झाली की आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत जात आणि मला शाळेसाठी प्रकाशा या तीर्थाच्या गावी फुईकडे सोडून जात. फुई दुसऱ्यांच्या शेतात मिरच्या तोडायची. खाणारी तोंडं तीन, फुई, तिची मुलगी आणि मी, पण वाटे व्हायचे सहा-सात. नवी तूर आली, सीताफळ पिकलं, कुणी मूठभर बोरं दिली, की आधी गैरहजर माणसांचा वाटा निघायचा. "जो घर नही, त्याना वाटा पह्यले," हा तिचा कायदा. तो वाटा फडताळात वाटीखाली झाकून ठेवलेला असायचा. आई-बाप परतायचे उन्हाळ्यात आणि वाटा टिकायचा उद्या संध्याकाळपर्यंत. मग फुई वाटी उचलून वास घ्यायची, सुस्कारा सोडायची आणि म्हणायची, "खाय पोरी, तुन्ही मायनं शे." आम्ही दोघी पोरी मांजरीसारख्या त्या सुस्काऱ्याचीच वाट पाहत बसलेल्या असायचो. मी अशी आईच्या वाट्यावर, आईशिवाय वाढले. पुढे सगळ्या खानदानात पहिली पदवीधर झाले, बी.एस्सी., तेही रसायनशास्त्रात. आता नाशिकला एका डेअरीत दुधाचे नमुने तपासते आणि प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहिते. हे मी आल्या-गेल्याला सांगते. का सांगू नये?

फ्रीझर फुईकडे आला तो मंदिराच्या रस्त्यावरच्या एका कुल्फीवाल्यामुळे. तो तिच्याकडे जेवायचा. धंदा आवरून सुरतेला जाताना त्याने ती पेटी तिच्या ओसरीवर आणून ठेवली. पलंगाएवढी लांब पेटी, वर झाकण आणि पोटावर रंग उडालेलं आइस्क्रीमच्या तीन कोनांचं चित्र. फुईने आधी तिला हळदकुंकू लावलं, मग वरून गोधडी घातली. "फुई, ती स्वतःच थंड आहे," मी म्हटलं. ती म्हणाली, "ते तुले समजस. तिले बिचारीले काय ठाव?" त्या दिवसापासून तिचा वाट्यांचा कायदा पहिल्यांदा नीट अमलात आला. आता वाटा बिघडत नव्हता. माणूस वर्षाने येवो, त्याची तूर हिरवीच राहायची.

फुईला वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक पिशवीला त्या माणसाच्या जुन्या कपड्याची चिंधी बांधलेली. माझ्या आईची लुगड्याची, बापाची चौकड्याच्या लुंगीची, माझी शाळेच्या निळ्या फ्रॉकची, लग्न होऊन सुरतेला गेलेल्या तिच्या मुलीची लाल परकराची. कुल्फीवाल्यालाही वाटा होताच. एकदा एक यात्रेकरू ओसरीवर पाणी पिऊन "माय, परत येईन" म्हणून गेला होता. त्याचा कपडा कुठून आणणार, म्हणून त्याला सुतळी. मी विचारलं, "आणि फुवांचा वाटा?" फुवा म्हणजे तिचे मालक, ते लवकर गेले. ती शांतपणे म्हणाली, "त्यासना वाटा कावळा लई जास. त्यासले लाइट लागत नही."

आत माणसांचे मान ठरलेले होते. फोन करणारा वरच्या थरात, न करणारा खाली. एका वर्षी परीक्षेच्या नादात मी महिनाभर फोन केला नाही, तर माझं सीताफळ थेट तळाला, बर्फाखाली गेलं होतं. ते काढायला उलथनं लागलं. फक्त मुलीला हा नियम नव्हता. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, "हाई खोपटं सोड, सुरतले चाल." फुई म्हणाली, "तुले खोपटं वाटस ते येऊ नको." ती आलीच नाही. दोन आखाजी गेल्या. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींनी माहेरी येऊन झोके खेळायचा सण. फुईच्या दारच्या निंबाला झोका बांधला जायचा आणि वाऱ्यावर रिकामाच हलायचा. दोघींचा एकमेकींना फोन नव्हता. पण लाल चिंधी कायम झाकण उघडताच पहिली दिसायची.

दुपारी ऊन असं पडायचं की तापीचं पाणीसुद्धा झोपल्यासारखं वाटायचं. तेव्हा फुई फ्रीझरला टेकून बसायची, गोधडीवर कान ठेवून. आत मोटर घुमत असायची. "बोली ऱ्हायनात," ती डोळे मिटूनच म्हणायची. मीही कान लावून पाहिला आहे. लग्नघरी मांडवात सगळे जेवून आडवे झाल्यावर जी कुजबुज चालते ना, अगदी तसा आवाज. दोन मिनिटांत मलाही झोप लागली, आणि झोपेत माझी आई उसाच्या फडातून हळूहळू चालत आली. लाइट गेली की मात्र फुई झाकणावर हात दाबून बसायची. "उघडू नको. मानसे पघळी जातीन."

यंदा आखाजीच्या चार दिवस आधी मी रजा घेऊन गेले, तर आत हातभर बर्फ साचलेला. झाकण लागत नव्हतं, मोटर धापा टाकत होती. फुई शेजारच्या हळदीला गेली, आणि माझ्यातली बी.एस्सी. जागी झाली. मी सगळं बाहेर काढून ओल्या पोत्यांत गुंडाळलं. आत गरम पाण्याची पातेली ठेवली. बर्फाचे तुकडे सुटून पडायला लागले आणि ओसरी धुक्याने भरली. त्या धुक्यात, घामाने निथळत, मी पेटी पुसली, सोडा लावला, पुन्हा पुसली, चालू केली. मग पिशव्या लावल्या. तुरीत तूर, सीताफळात सीताफळ, आमरसात आमरस. प्रत्येकीवर चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात पदार्थाचं नाव. त्या कुबट, गारठलेल्या चिंध्या सोडून पाणी तापवायच्या चुलीतच घातल्या होत्या. इतकं नेटकं काम मी डेअरीतही केलेलं नाही.

फुई आली. झाकण उघडलं. वाफ तिच्या तोंडावर आली आणि विरली. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "मन्हा मानसे कोठे गयात?"

"फुई, हाई तूर, हाई सीताफळ," मी चिठ्ठ्या वाचायला लागले.

"ते माले बी दखास. कोनं शे, ते सांग."

मला सांगता येईना. रसायनशास्त्र शिकलेली मी, पण त्या पिशव्यांतली माझी स्वतःची कोणती, तेही मला ओळखता आलं नाही.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तू दूधले चिठ्ठ्या लावस, ते दूध तुले वळखस का?" आणि खाली बसून एकेक पिशवी हातात घ्यायला लागली, डोळे मिटून, बाळाचं डोकं चाचपावं तशी. ही तूर शेंगांसकट, म्हणजे माझ्या बापाची. त्याला सोलत सोलत खायला आवडते. हे बिया काढलेलं सीताफळ माझं, आळशाचं. ही मोठी पिशवी कुल्फीवाल्याची, त्याची भूक मोठी. तेव्हा मला कळलं की चिंध्या नुसती खूण होत्या. वाटे मुळात एकसारखे नव्हतेच. सगळी माणसं एकेक करून परत आली. शेवटी आमरसाच्या दोन पिशव्या उरल्या. एक मुलीची, एक यात्रेकरूची. त्याची आवड माहीत नव्हती, म्हणून फुईने त्याला लेकीसारखाच, वेलची न घालता, तेवढाच भरला होता.

"दोन्ही सारखाच शेतस, कोनताबी दे," मी म्हटलं.

"सारखी दखास म्हनीसन कोनीबी आंडेर व्हई जास का?" आंडेर म्हणजे लेक. तिने दोन्ही पिशव्या मांडीवर घेतल्या. लुगड्यावर ओल पसरत गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "फोन लाव तिले."

मी लावला आणि तिच्या कानाशी धरला.

"काय करी ऱ्हायनी?" फुई म्हणाली, जणू कालच बोलणं झालं होतं.

"भांडा घासी ऱ्हायनू." मग तिकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"तुन्हा वाटा वळखू येत नही."

"कसाना वाटा?"

"आमरसना. मांगना सालना."

"मन्हा वाटा ठेयेल शे?"

"तू नही उनी म्हनीसन काय वाटा नही काढाना?"

तिकडे नळ पुन्हा सुरू झाला आणि लगेच बंद झाला. मग ती म्हणाली, "हात लावू नको. मी यीसन दखसू."

आखाजीच्या आदल्या दिवशी ती बसमधून उतरली. चपला काढायच्या आधी तिने झाकण उघडलं, दोन्ही पिशव्या पाहिल्या आणि एकीवर बोट ठेवलं. "हाई मन्ही." तिने ती कशावरून ओळखली, मला माहीत नाही. मला वाटतं, तिने नुसतंच बोट ठेवलं. फुईलाही ते कळलं असावं. दुसऱ्या दिवशी पितरांची घागर भरून झाली, नैवेद्य झाला, आणि ती ताटातला नवा रस बाजूला सारून तो जुना, अजून मधे मधे बर्फाचे खडे असलेला रस चमच्याने सावकाश खात बसली. फुई समोर बसून तिच्या चमच्याकडे पाहत होती.

ती तीन दिवस राहिली आणि गेली. नव्या चिंध्यांसाठी मी माझ्या ओढणीचं टोक फाडून दिलं, आखाजीला आलेल्या आईने लुगड्याचं, बापाने पंचाचं. आता फ्रीझरमध्ये सगळ्यांचे वाटे पुन्हा आपापल्या जागी आहेत. तिचा तेवढा नाही. तिने तिचा खाल्ला.